शाळा तिकडची, भाडं कुणाच्या खिशातून?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की परदेशात शिकवायला जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी राहण्या-खाण्याच्या खर्चाबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर देवगडपासून खेड-दापोलीपर्यंत पत्रं आली, आणि जवळजवळ प्रत्येकात पहिली ओळ तीच, "ताई, पगार एवढा सांगितलाय, चांगला आहे ना?" मी स्वतः ४ वर्षं ओमानात आणि ७ वर्षं शारजात गणित शिकवलं, आता मालवणला घरी आहे, पण नुसता पगाराचा आकडा ऐकून मला आजही काही सांगता येत नाही. राहणार कुठे, ते घर कुणाच्या नावावर, आणि भाडं गेल्यावर हातात उरतं किती, हे कळलं की मग बोलता येतं. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (देवगड): मी २७ वर्षांची, बीएस्सी बीएड, हायस्कूलला गणित शिकवते. दुबईच्या एका सीबीएसई शाळेने दोन पर्याय दिलेत. महिना ४,५०० दिरहम 'ऑल इन्क्लुझिव्ह', नाहीतर ३,३०० दिरहम आणि शाळेचं शेअरिंगमधलं घर. बाबा म्हणतात ४,५०० घे, १,२०० जास्त मिळतायत. मलाही तसंच वाटतंय.

उत्तर: थांब गं, सही करू नकोस अजून. ते १,२०० तुला जास्त मिळत नाहीयेत, ती तुझ्या घराची किंमत आहे आणि ती शाळेने तिच्या सोयीने लावलीय. यूएईचा २०२१ चा कामगार कायदा म्हणतो की मालकाने राहायला जागा द्यावी, नाहीतर जागेचे पैसे द्यावेत, नाहीतर ते पगारातच धरावेत, तिन्ही चालतं. म्हणजे 'ऑल इन्क्लुझिव्ह' लिहिणारी शाळा कायद्याने चुकत नाही, फक्त घर शोधायचं सगळं ओझं तुझ्या डोक्यावर येतं.

आता दुबईत घर घेणं म्हणजे काय ते बघ. आपल्याकडे रत्नागिरीत खोली घेतली तर थोडं डिपॉझिट आणि मग महिन्याच्या महिन्याला भाडं, तिकडे भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात, कुणी एकच चेक मागतो, कुणी चार, कुणी सहा. समजा वर्षाचं भाडं ४२,००० दिरहम आणि चार चेक ठरले. पहिला चेक १०,५००. डिपॉझिट ५ टक्के म्हणजे २,१०० (हे रिकाम्या घराचं, फर्निचरवालं असेल तर १० टक्के). एजंटचं कमिशन साधारण ५ टक्के, परत २,१००. वीज-पाण्याच्या कनेक्शनचं डिपॉझिट फ्लॅटला २,०००. झाले १६,७००, आणि भाडेकराराची सरकारी नोंदणी असते, तिला एजारी म्हणतात, तिची फी वेगळी. दिरहम सोयीसाठी २४ रुपये धर, म्हणजे ४ लाख रुपये झाले आणि अजून तुझा पहिला पगारही आलेला नाही. वर महापालिकेची हाउसिंग फी असते, वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, ती महिन्याच्या वीजबिलात येते, ह्या हिशोबात महिना १७५. एसीचं बिल काही बिल्डिंगमध्ये वेगळं येतं. जाहिरातीत 'चिलर फ्री' लिहिलेलं असेल तर ते मालकाकडे, नसेल तर विचारून घे, कारण मे ते सप्टेंबर एसी बंद करायचा विचारसुद्धा मनात येत नाही तिकडे.

म्हणजे महिन्याचं भाडं पडलं ३,५००, पगार ४,५००. म्हणून एकटी टीचर असं घर घेतच नाही, ती शेअरिंगमध्ये राहते नाहीतर बेड स्पेस घेते. बेड स्पेस म्हणजे खरोखर एक कॉट, कपाटाचा एक खण आणि बाथरूमची ठरलेली वेळ. पार्टिशन म्हणजे हॉलमध्ये प्लाय ठोकून केलेली खोली. १,२०० दिरहमच्या आसपास तुला ह्यातलंच काहीतरी मिळेल. आणि त्यात धोका आहे तो सांगते, दुबई महापालिकेने २०२५ मध्ये अशा बेकायदा पार्टिशनवर जोरात कारवाई केली, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवणं तिथल्या भाडेकायद्यात बसत नाही. तुझं नाव कुठल्याच कागदावर नसेल आणि कुणी उद्या सकाळी बॅग उचल म्हणालं तर तू काय दाखवणार?

मी शारजात पहिली २ वर्षं शाळेच्या फ्लॅटमध्ये काढली. दोन बेडरूम, पाच टीचर, एक किचन. फ्रिजवर सेलोटेपने लावलेला वहीचा कागद होता, ४.३० ते ४.५० एकीचा डबा, ४.५० ते ५.१० माझा, असं करत सव्वासहाला खाली बस. माझी वेळ चुकली की मागचीचा डबा राहायचा, मग दिवसभर स्टाफरूममध्ये तोंड चुकवायचं. सगळ्यात मोठं भांडण झालं ते बांगड्यावरून. मी रविवारी बांगडे तळले, खिडकी उघडता येत नव्हती कारण बाहेर ४५ डिग्री, आणि माझ्या शेजारच्या खोलीतली बाई पूर्ण शाकाहारी, तिच्या उशीच्या अभ्र्यालासुद्धा वास लागला. ती रडली. मी पण रडले, कारण मला वाटलं आपल्या घरी आपण मासा पण तळू शकत नाही? पण ते आपलं घर नव्हतंच ना, ते शाळेचं होतं आणि तितकंच तिचं होतं. मग ठरलं की मासे फक्त कालवणाचे, तळायचे नाहीत, आणि केरळच्या दोघींनी कुडमपुळी घालून करायला शिकवलं, ते आपल्या सोलाच्या जवळ जातं. हे सांगते कारण बायका पगार विचारतात, बस विचारतात, पण किचन किती जणींचं ते कुणी विचारत नाही, आणि रोजचं जगणं तिथेच असतं.

शाळेच्या घराचं दुसरं अंग हे की नोकरी सुटली की घर सुटतं, आणि पाहुणे, यायची वेळ ह्यावर त्यांचे नियम असतात. तरी पहिल्या वर्षी तू शाळेचंच घर घे असं माझं स्पष्ट मत आहे. ४ लाख आधी ओतायचे नाहीत, वीज-पाणी बहुतेक शाळाच भरते (पण लिहून घे), आणि वर्षभरात तुला एरिया, बस, माणसं कळतात. ऑफर लेटरमध्ये एक ओळ मात्र आत्ताच घालून घे, की एका वर्षानंतर घर सोडून भत्ता घ्यायची मुभा राहील आणि तो भत्ता किती ते.

आणि एक महत्त्वाचं, दोन्ही ऑफरमध्ये बेसिक किती लिहिलंय ते बघ. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती फक्त बेसिकवर, पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाचे २१ दिवस. बेसिक १,८०० असेल तर दिवसाचे ६०, वर्षाचे १,२६०, पाच वर्षांचे ६,३००. बेसिक ३,००० असेल तर तेच १०,५००. फरक ४,२०० दिरहम, म्हणजे लाख रुपये, फक्त एका ओळीतल्या आकड्यामुळे. बाबांना हा हिशोब वाचून दाखव.

प्रश्न (खेड): मिस्टर ६ वर्षं शारजात आहेत, मी लग्न करून जातेय आणि माझं बीएड झालंय. शाळा म्हणते तुम्ही नवऱ्याच्या व्हिसावर आहात म्हणून घरभाडं, तिकीट काहीच नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर वाटत नाही पण सर्रास चालतं, ह्याला ते 'लोकल हायर' म्हणतात. इथून बोलावलेल्या टीचरला घर आणि तिकीट, तिथेच राहणाऱ्या बाईला नुसता पगार, काम तेवढंच, वह्या तेवढ्याच. मला ह्याचा राग येतो आणि अजून येतो. पण पुष्कळ जणी तिथेच राहतात म्हणून शाळेला स्वस्तात मिळतात, त्यामुळे घरभाड्यावर भांडून फारसं निघत नाही. तुम्ही दोन गोष्टी मागा, एक म्हणजे बेसिक जास्त, आणि दुसरं मुलं झाल्यावर फीमध्ये सवलत, ती आत्ताच लेखी. शाळा शारजातलीच बघा. घर शारजात आणि शाळा दुबईत असेल तर अल इत्तिहाद रोडवर रोज सकाळ-संध्याकाळ जो वेळ जातो तो पगारातून कापल्यासारखाच आहे, मी तो वर्षभर घालवलाय.

प्रश्न (चिपळूण): मी ३८ वर्षांचा, इंग्रजीचा शिक्षक, मुलं ९ आणि ५ वर्षांची, बायको घरी. ओमानमधल्या एका भारतीय शाळेने ३५० रियाल आणि वर घरभाडं असं कळवलंय. सगळ्यांना घेऊन जाऊ की एकटा जाऊ?

उत्तर: सर, आधी एकटे जा, निदान एक सत्र, आणि हे मी वहिनींना वाईट वाटेल हे माहीत असून लिहितेय. रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे २.६ डॉलर, तर तुमचे ३५० झाले ९१० डॉलर. एकट्याला हे चांगले, चौघांना बेताचे. आकडा छोटा दिसतो म्हणून खर्चही छोटा वाटतो, हीच चूक मी पहिल्या महिन्यात केली. एका रियालचे १,००० बैसा असतात, भाजीवाल्याकडे ८०० बैसा म्हणजे काहीच नाही असं वाटत राहतं आणि रात्री रुपयात हिशोब केला की छातीत धस्स होतं.

शाळा कुठल्या गावात ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावर आहे. मस्कतमध्ये रुवी, दारसैत, वादी कबीर ह्या भागात आपली माणसं आहेत, दुकानं पायाखाली आहेत, पण भाडं सलाला-सूर ह्या गावांपेक्षा जास्त. मस्कत डोंगर आणि समुद्राच्या मधे लांबच लांब पसरलेलं आहे, बस आहेत पण दोन मुलांना घेऊन मे महिन्यात स्टॉपवर उभं राहणं जमत नाही, त्यामुळे गाडी लागते, आणि गाडीचा हप्ता हा घराच्याच खर्चात धरा. मुलं त्याच शाळेत जाणार असतील तर फी माफ की अर्धी की पूर्ण, दोन्ही मुलांना की एकालाच, हे भाड्याच्या आधी विचारा, कारण दोन मुलांची फी आणि बस मिळून भाड्याएवढा खड्डा पडतो.

माझी ४ पैकी २ वर्षं सलालात गेली आणि कोकणातल्या माणसाने तिथे जावं असं मी मनापासून सांगेन. जूनच्या शेवटाला तिकडे खरीफ सुरू होतो, म्हणजे त्यांचा पावसाळा, धुकं उतरतं, बारीक रिपरिप लागते, उघडे डोंगर हिरवे होतात. रस्त्याच्या कडेला शहाळ्यांचे, केळ्यांचे, पपयांचे स्टॉल. मी पहिल्यांदा बसमधून माड बघितले तेव्हा शेजारच्या मॅडमना हात दाबून दाखवले. बाकी आखाती देश ४५ डिग्रीत भाजत असतात तेव्हा तिथे खिडक्या उघड्या आणि वीजबिल कमी.

एक गोष्ट मात्र आधी घरात बोलून घ्या, सणवार. ओमानातल्या भारतीय शाळांना सुट्टी साधारण जून-जुलैत, यूएईत जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे मे महिन्यात हापूसच्या वेळी तुम्ही वर्गात, आणि गणपतीतही बहुतेक वर्गातच. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि यूएईतल्या शाळा २५ ऑगस्टला उघडल्या. मुंबईचा चाकरमानी बॉसशी भांडून चतुर्थीला गावी येतो, तिकडच्या मास्तरला ते जमत नाही. घरचा गणपती कोण बसवणार हे ठरवून जा. विमानाची तिकिटं पण सगळ्या शाळा एकदम सुटतात म्हणून तेव्हाच सगळ्यात महाग, शाळा वर्षाला तिकीट देते की दोन वर्षांनी, चौघांना देते की तुम्हा एकट्याला, हे पण लेखी.

प्रश्न (दापोली): एजंट म्हणतो व्हिसा आणि तिकडे राहायची सोय मिळून दीड लाख द्या, ५० हजार आगाऊ. द्यावेत का?

उत्तर: नाही. आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे नोंदणी असलेला एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४००, आणि त्याची पावती द्यायला हवी. त्याचा लायसन्स नंबर मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः बघा, त्याने मोबाइलवर दाखवलेला फोटो नको. यूएईच्या कायद्यात तर नोकरभरतीचा खर्च उमेदवाराच्या माथी मारायलाच बंदी आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीने असेच पैसे भरले आणि 'राहायची सोय' म्हणून तिला विमानतळावरून थेट आठ जणींच्या खोलीत नेलं, शाळेला तर त्या सोयीची खबरच नव्हती. घराचा शब्द शाळेने शाळेच्या लेटरहेडवर दिला तरच तो शब्द.

डिग्रीच्या कागदांचा खर्च मात्र तुमचाच असतो बहुतेक वेळा, तो धरून ठेवा. ओमानला अपोस्टिल (म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, जो एका आंतरराष्ट्रीय करारातले देश मानतात) चालतं, यूएई त्या करारात नाही म्हणून तिथे त्यांच्या वकिलातीचं अटेस्टेशन लागतं आणि ते महाग पडतं.

प्रश्न (सावंतवाडी): मी फिजिक्स शिकवतो, ११ वर्षं झाली. इंग्लंडमध्ये भारतीय शिक्षकांना घेतात म्हणे. ३२ हजार पौंड म्हणजे ३५-३६ लाख होतात, मग तिथे घर घेऊन आरामात राहता येईल ना? बायको आणि एक मुलगी बरोबर.

उत्तर: घेतात हे खरं, २०२३ पासून भारतातल्या गणित, सायन्स आणि भाषांच्या शिक्षकांना तिथल्या क्यूटीएस म्हणजे पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी थेट अर्ज करता येतो. पण सर, ते पौंड रुपयात करून बघायचं सोडा, कारण खर्च पण पौंडातच होणार. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर सुरुवातीचा पगार वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. आखातात टॅक्स नाही, इथे आहे, टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून हातात महिन्याला साधारण २,१०० येतात. त्यातून भाडं, त्यावर कौन्सिल टॅक्स (तो भाडेकरूच भरतो, आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो तसं नाही), हीटिंगचं बिल. शाळा तिथे घर देत नाही, भत्ताही देत नाही, ही अपेक्षा आखातातून आलेल्यांची असते आणि ती पहिल्याच दिवशी मोडते.

जायच्या आधीचा धक्का वेगळाच. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्याचे एकदम भरायचे. तुम्ही दोघं आणि मुलगी, ३ वर्षं, झाले ८,५३८ पौंड. पौंड ११५ धरला तर पावणेदहा लाखांच्या वर, व्हिसाची फी वेगळी. शाळा ह्यातलं काय भरणार ते विचारा, काही शाळा थोडं भरतात.

एक चांगलं आहे, भाडेकरूला कायद्याचा आधार पक्का. डिपॉझिट ५ आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते घरमालकाने ३० दिवसांत सरकारमान्य स्कीमखाली सुरक्षित करायचं असतं. अडचण ही की नवीन माणसाकडे तिथली पगारस्लिप नसते, बँकेचा इतिहास नसतो, म्हणून मालक कचरतो. शाळेकडून नोकरीचं आणि पगाराचं पत्र आधी घ्या, पहिला महिना एका खोलीत एकटे राहा, मग घर बघून दोघींना बोलवा. गाव निवडताना लंडनचा मोह नको, तिथे पगार थोडा जास्त पण भाडं खूपच जास्त.

प्रश्न (वेंगुर्ला): माझी मुलगी मालदीवला शाळेत लागलीय, एका बेटावर. तिचा पगार ती बघेल. मी आई, मला एवढंच विचारायचंय, माझां चेडू थंय एकटां कसां रवतलां? खायला काय, राहायला कुठे, सोबत काय देऊ?

उत्तर: काकी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी निघाले तेव्हा माझी आई हेच म्हणाली होती, ह्याच शब्दांत.

मालदीवमध्ये आपल्याकडचे, विशेषतः केरळचे शिक्षक कित्येक वर्षं जातायत, त्यामुळे चेडू अगदी एकटी पडेल असं नाही. माले हे राजधानीचं बेट इवलंसं, माणसांनी गच्च भरलेलं आणि भाडी भयंकर, पण बाहेरच्या बेटावर शाळेकडून खोली मिळते नाहीतर गावातल्याच कुणाच्या घरात सोय होते. खोलीला आतून कडी आहे का, बाथरूम वेगळं आहे का, आणि घरमालकाच्या घरात बाईमाणूस आहे का, एवढं तिने शाळेला ईमेल करून विचारावं, लाजू नये. खायची काळजी करू नका, भात, टूना मासा, नारळ, मिरची, सकाळच्या नाश्त्याला ते मासहुनी करतात, टूना, खवलेलं खोबरं, कांदा आणि लिंबू, तिला दोन दिवसांत आवडेल. भाजीपाला मात्र बाहेरून बोटीने येतो, त्यामुळे महाग, आणि पावसाळ्यात बोट चुकली की नसतोच. म्हणून कुळथाची पिठी, सोलं, सुकी डाळ, लोणचं द्या.

आता नीट ऐका, गणपतीची मूर्ती देऊ नका, छोटीशीसुद्धा नको. तिथे इस्लामी कायदा आहे आणि पूजेच्या मूर्ती देशात न्यायला कस्टममध्ये बंदी आहे, दारू आणि डुकराचं मांस पण नाही. ती आत खोलीत काय म्हणते, मनात कुणाला नमस्कार करते ते तिचं, पण बॅगेत मूर्ती सापडली तर पहिल्याच दिवशी पोरगी घाबरून जाईल. मूर्ती तुमच्या देव्हाऱ्यात राहू दे, दिवा तुम्ही लावा.

पैशाचं तिलाच सांगा, पगार रुफियात आहे की डॉलरमध्ये ते करारात बघायचं. रुफिया सरकारी दराने डॉलरला १५.४२ असा बांधलेला आहे, पण बँकेत त्या दराने डॉलर मिळणं अवघड असतं, त्यामुळे घरी पैसे पाठवताना अडकायला होतं. तुम्ही तिच्या पैशावर इथला कर्जाचा हप्ता ठेवला असेल तर पहिले ४-५ महिने तो इथूनच भरायची तयारी ठेवा.

प्रश्न (राजापूर): मी ९ वर्षं शारजात शिकवतेय, यंदा कायमची परत यायचा विचार नाही पण पैसे साठलेत. भाऊ म्हणतो शेजारची हापूसची ४० कलमं विकायला काढलीत, तुझ्या नावावर घेऊन टाकू. शिवाय गावचं घर मी नवीन बांधलंय, ते बंद असतं, त्याचं काय करू?

उत्तर: कलमांचं आधी, कारण ह्यात आपली माणसं हमखास फसतात. तुम्ही नोकरीसाठी बाहेर गेलात की फेमाच्या म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी, आणि अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. तुमच्या नावावर आधीपासूनचा शेतकऱ्याचा सातबारा असला तरी हे बदलत नाही. वडिलांकडून वारसाने आलं तर ठेवता येतं, जायच्या आधी घेतलेलं असेल तर तेही ठेवता येतं, पण आता नवीन विकत नाही. फ्लॅट, दुकान, बिगरशेती प्लॉट चालतो. भावाने त्याच्या नावावर घ्यावं आणि पैसे तुम्ही द्यावेत असं सुचवतील लोक, त्याआधी वकिलाकडे जा, कारण उद्या बाग कुणाची हा प्रश्न भावा-बहिणीत उभा राहिला तर तुमच्याकडे कागद नसणार आणि मी अशी दोन घरं तुटलेली बघितलीत.

तुमचं जुनं साधं सेव्हिंग अकाउंट अजून तसंच चालू असेल तर ते एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्या, ९ वर्षं झाली. तिकडून पाठवता ते एनआरई (बाहेरच्या कमाईचं) खात्यात ठेवा, त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही.

आता घर. ९ वर्षं तिकडे दोन खोल्यांचं भाडं भरलंत आणि इकडे आठ खोल्या बांधल्यात ज्यात कुणी झोपत नाही, हे वाचून मला आत कुठेतरी लागलं, कारण माझंही तेच झालं होतं. मी परत आले तेव्हा माजघरातल्या कपाटाला आतून वाळवी लागलेली, आईच्या साड्या हातात घेतल्या आणि भुगा झाला. चिऱ्याचं घर बंद राहिलं की पावसाळ्यात भिंत ओल धरते, बुरशी येते, त्याला उघडी दारं आणि माणसाचा वावर लागतो. भाड्याने द्या. तुमच्या गावातच बाहेरून बदली होऊन आलेले प्राथमिक शिक्षक असतील, त्यांना चांगली जागा मिळत नाही, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करून दोन खोल्या आणि पडवी त्यांना द्या, तुमची एक खोली कुलपात ठेवा. भाडं कमी आलं तरी चालेल, रोज कुणीतरी दार उघडेल, अंगण झाडेल. आणि कौलारू असेल तर भावाला आत्ताच फोन करून सांगा, मे संपायच्या आत नळे परतून घे, मृग लागल्यावर गडी मिळत नाही.